गुलाब कधी खुडायचा: कळी, अर्धवट उमललेला की पूर्ण? वासाच्या बाजूने सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुमच्याकडे शिरूर भागात देशी गुलाबाची चाळीसेक झाडं आहेत, दरवर्षी गुलकंद करता, यंदा छोटी तांब्याची देग, म्हणजे वाफेने अर्क उतरवायचं भांडं, घेऊन गुलाबपाणी काढायचं ठरवलंय. आजी म्हणतात की कळ्याच खुडा कारण फूल उमललं की वास उडून जातो, पण कळी घरात आणली तर तिला वासच येत नाही, सकाळी उमललेलं फूल घमघमतं आणि तेच फूल दुपारी नाकाला लावलं तर काही नाही. मग वास नेमका असतो कुठे आणि फूल कधी तोडायचं, असं तुम्ही विचारलंय.

प्रश्न वेळेचा वाटतो, पण मूळ अडचण अशी आहे की आपण सगळेच फुलाकडे अत्तराच्या कुपीसारखं बघतो. म्हणजे कळीत वास भरून ठेवलाय, झाकण उघडलं की तो हळूहळू संपतो, म्हणून झाकण उघडायच्या आत घेऊन टाका. आजींचं म्हणणं याच हिशोबाने बरोबर वाटतं. गुलाबाच्या बाबतीत हा हिशोब लागू होत नाही, कारण कळीत तो वास अजून तयारच झालेला नसतो, आणि जो थोडा असतो तो बांधलेल्या अवस्थेत असतो. का ते सांगतो, मग कधी खुडायचं ते तुमचं तुम्हालाच कळेल.

आधी मी कुठून बोलतोय ते सांगतो. बावीस वर्षं सुगंधी तेलांच्या लॅबमध्ये गॅस क्रोमॅटोग्राफवर काम केलं, आम्ही त्याला नुसतं जीसी म्हणतो, तेलातला एकेक घटक वेगळा करून किती टक्के आहे ते दाखवणारं मशीन. त्यानंतर गेली नऊ वर्षं पुरंदर तालुक्यात स्वतःची दीड एकर फुलशेती आणि एक छोटी देग. त्यामुळे कागदावरचं आणि देगेतलं दोन्ही बघितलंय.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत त्या आधीच बोलून टाकतो. पहिली म्हणजे जात. आपल्याकडे देशी किंवा गावठी गुलाब या एका नावाखाली तीनचार वेगळी झाडं विकली जातात. खरा दमास्क गुलाब, ज्याचं तेल बल्गेरियात कझानलकच्या खोऱ्यात आणि तुर्कस्तानात इस्पार्ताला निघतं आणि ज्याला राजस्थानात पुष्कर, हळदीघाटीकडे चैती गुलाब म्हणतात, तो वर्षातून मुख्यतः एकदाच बहरतो आणि त्याला हिवाळ्यात बऱ्यापैकी थंडी लागते. आपल्या पठारावर तो झाड म्हणून जोमाने वाढतो पण फुलं देताना हात आखडता घेतो. आपल्याकडे जो वर्षभर थोडी थोडी फुलं देतो तो बहुतेक वेळा एडवर्ड नावाचा गुलाब किंवा त्याच्या नात्यातला संकर असतो. दोघांच्या वासाची घडण मिळतीजुळती आहे, पण घटकांचं प्रमाण वेगळं. दुसरी गोष्ट हवामान, शिरूरच्या मार्चमधली सकाळ आणि डिसेंबरमधली सकाळ यात खुडायच्या वेळेचा दीडेक तासाचा फरक पडतो. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, तुम्ही फुलाचं करणार काय आहात. गुलकंद, गुलाबपाणी, वाळवलेल्या कळ्या, फुलदाणी, या चौघांची खुडायची वेळ एक नाही.

आता मुद्द्यावर येतो. तुळशीचं पान सकाळी चुरगाळा नाहीतर रात्री, कोवळं घ्या नाहीतर जून, वास येतोच. कारण तुळस, पुदिना यांच्या पानावर तेलाच्या बारीक बारीक ग्रंथी असतात, तिथे तेल साठवलेलं असतं, ग्रंथी फुटली की वास. गुलाबाच्या पाकळीवर अशा साठ्याच्या ग्रंथी नाहीत. पाकळीच्या अगदी बाहेरच्या थरातल्या पेशी, ज्या वरच्या बाजूला शंकूसारख्या उंचावलेल्या असतात आणि ज्यांच्यामुळे पाकळी बोटाला मखमलीसारखी लागते, त्या पेशीच वास तयार करतात आणि तिथूनच तो हवेत जातो. मोठं कोठार नाही, रोज दळायचं आणि रोज संपवायचं. त्यामुळे पाकळीत कुठल्याही क्षणी किती वास आहे हे दोन गोष्टींवर ठरतं, त्या वेळी किती तयार होतोय आणि किती उडतोय.

मोगऱ्याशी तुलना केली की हे जास्त स्पष्ट होतं. गजऱ्यासाठी मोगऱ्याची कळीच खुडतात, दुपारी खुडलेली कळी रात्री डोक्यात उमलते आणि खोली भरून टाकते. मोगरा, जाई, निशिगंध ही फुलं झाडावरून तोडल्यावरही तासन् तास वास तयार करत राहतात. म्हणूनच जुन्या काळी फ्रान्समध्ये जाईची फुलं चरबीच्या थरावर पसरून ठेवायचे, फूल रात्रभर वास देत राहायचं आणि चरबी तो शोषून घ्यायची. गुलाब तसं करत नाही. आखूड देठाने खुडलेला गुलाब झाडापासून तुटला की त्याचं वास बनवणं लवकरच मंदावतं, म्हणून गुलाबाचं तेल काढणारे जगभर ताजं फूल ताबडतोब देगेत टाकतात. माझा अंदाज आहे की आजींचा नियम मोगऱ्यावरून आलाय. मोगऱ्याला तो शंभर टक्के बरोबर आहे.

आता कळीपासून सुरुवात करू. घट्ट हिरवी कळी, जिचा रंगही दिसत नाही, ती फोडून नाकाला लावा. गवत कापल्यावर येतो तसा हिरवा वास येईल, थोडा कडवट. तो मुख्यतः हिरव्या आवरणाचा आणि कोवळ्या उतींचा वास, पान किंवा गवत चिरडलं की हेक्सेनॉल जातीचे जे छोटे रेणू सुटतात त्यांचा. पाकळी चावून बघितली तर तुरट लागेल. गुलाबाचा म्हणून जो वास आपण ओळखतो त्याचा इथे मागमूस नसतो.

पुढची पायरी म्हणजे हिरवं आवरण फाटून गुलाबी टोक दिसायला लागलेली कळी. या कळ्या आपल्याला फसवतात, कारण रंग आला म्हणजे वासही आला असं वाटतं. रंगाचं रसायन आणि वासाचं रसायन वेगवेगळ्या वेळी चालू होतं, रंग आधी येतो. अशा कळ्यांचं तेल काढलं तर त्यात मेणाचं प्रमाण जास्त निघतं. गुलाबतेलात नोनाडेकेन, हेनिकोसेन असे लांब साखळीचे मेणासारखे घटक असतात, त्यांना स्वतःचा वास जवळपास नसतो, थंडीत गुलाबतेल गोठतं ते यांच्यामुळे. पाकळीला मेण आधीपासूनच असतं, वास अजून यायचाय, म्हणून हिशोब मेणाच्या बाजूने झुकतो. मी पहिल्या वर्षी हीच चूक केली, फुलं गळून वाया जातात म्हणून मजुरांना कळ्या खुडायला सांगितल्या. तीन दिवस देग लावली. पाण्यावर जी थोडी साय आली ती पांढरट, बोटाला मेणचट, आणि वास म्हणाल तर ओल्या पालापाचोळ्याला गुलाब लागून गेल्यासारखा. त्या तीन दिवसांची फुलं गेली ती गेलीच.

कळीत वास नसला तरी वासाची तयारी मात्र चाललेली असते. गुलाबपाण्याचा जो गोड, मधासारखा वास आहे तो फिनाइल इथाइल अल्कोहोलचा, आणि झाड तो फिनाइलअ‍ॅलॅनिन नावाच्या अमिनो आम्लापासून बनवतं. यातला काही भाग साखरेच्या रेणूला बांधून ठेवलेला असतो, आणि साखरेला बांधलेला रेणू उडत नाही, त्यामुळे नाकाला कळत नाही. जपानच्या शिझुओका विद्यापीठातल्या संशोधकांनी दमास्क गुलाबात हे साखर जोडलेले रेणू शोधून काढले आणि फूल वाढताना ते कसे बदलतात ते बघितलं. पाकळीतलं एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, ती साखर तोडतं तेव्हा वास मोकळा होतो. म्हणजे आजींचं अर्धं म्हणणं इथे खरं ठरतं, कळीत काहीतरी साठवलेलं असतं. फक्त ते कुलपात असतं, आणि किल्ली फूल उमलताना फिरते.

उमलणं म्हणजे काय तेही थोडं बघा, कारण सगळं त्याच्याशी जोडलेलं आहे. कळीच्या पाकळीत स्टार्च असतो. उमलायच्या वेळी तो तुटून त्याचं ग्लुकोज, फ्रुक्टोज होतं, पेशीत साखर वाढली की पाणी आत ओढलं जातं, पेशी फुगतात, पाकळी लांबरुंद होऊन बाहेर वळते. एका रात्रीत पाकळी एवढी वाढते ती मुख्यतः या पाण्याने. आणि याच सुमाराला वास बनवणारी यंत्रणा जोरात चालू होते.

त्या यंत्रणेत एक गंमत आहे ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. जिरॅनिऑल, म्हणजे गुलाबाच्या वासातला तो तरतरीत भाग (रोशा गवताचं तेल हुंगलं असेल तर ओळखाल, खानदेशात पूर्वी जे रोशा तेल निघायचं त्यात मुख्य जिरॅनिऑलच, आणि एकेकाळी मुंबईहून तुर्कस्तानात जाऊन ते गुलाबतेलात भेसळीला वापरलं जायचं), तर हे जिरॅनिऑल बहुतेक झाडं एका ठरावीक प्रकारच्या एन्झाइमने बनवतात. गुलाबातही तेच असणार असं बरीच वर्षं धरून चाललेले होते. २०१५ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी पापा मेयाँ हा घमघमणारा गुलाब आणि रूझ मेयाँ हा जवळपास बिनवासाचा गुलाब शेजारी शेजारी ठेवून कुठले जीन एकात चालू आणि दुसऱ्यात बंद आहेत ते तपासलं. सापडलं भलतंच एन्झाइम, न्यूडिक्स घराण्यातलं, ज्याचे नातलग इतर सजीवांत पेशीतले बिघडलेले रेणू साफ करायचं काम करतात. गुलाबाने ते वासासाठी कामाला लावलंय. ज्या गुलाबात हे एन्झाइम पाकळीत चालू नाही त्यात जिरॅनिऑलचा वास नाही, मग तुम्ही खत कितीही घाला. फुलदाणीसाठी बाजारात मिळणाऱ्या लांब दांड्याच्या गुलाबांना वास का नाही असं लोक विचारतात, त्याच्या उत्तराचा मोठा भाग हा आहे. निवड करताना टिकाऊपणा आणि रंग बघितला, वास मागे पडला.

सगळे घटक एकाच वेळी येत नाहीत हे लक्षात ठेवा, माझ्या मते तुमच्या प्रश्नाची खरी गुरुकिल्ली इथे आहे. फ्रॅग्रंट क्लाउड नावाचा नारिंगी लाल सुवासिक गुलाब आहे, आपल्याकडच्या नर्सऱ्यांतही मिळतो. इस्रायलमध्ये त्याच्या पाकळ्यांचा टप्प्याटप्प्याने अभ्यास झालाय. कळी घट्ट असताना वास नगण्य, पाकळ्या सुटायला लागल्या की झपाट्याने वाढतो, आणि त्यात जिरॅनिऑलचं पुढे जिरॅनिल अ‍ॅसिटेट बनवणारं एन्झाइम आहे, म्हणजे तरतरीत वासाचं फळासारख्या वासात रूपांतर. फूल पिकत जाईल तसा वासाचा तोलही बदलतो. दमास्कमध्ये जिरॅनिऑल आणि नेरॉल यांच्यापासून पुढे सिट्रोनेलॉल तयार होतं, ते मऊ, थोडं मेणचट गोड. म्हणजे एकाच फुलाचा वास पहाटे, सकाळी आणि दुसऱ्या दिवशी वेगळा असतो, नुसता कमीजास्त नसतो. चांगलं नाक असेल तर तुम्हाला स्वतःला कळेल.

मग दुपारी वास कुठे जातो? रात्री आणि पहाटे हवा थंड असते, दव असतं, वारा कमी. पाकळी वास बनवत असते पण उडतं कमी. म्हणून पहाटे नुकतं उमललेलं फूल भरलेलं असतं. ऊन चढलं की उडण्याचा वेग बनवण्याच्या वेगाच्या पुढे जातो. सकाळी नऊनंतर आमच्याकडे सगळी बाग दरवळते आणि पाहुणे म्हणतात काय सुंदर वास आहे, आणि मला तेव्हा दिसतं की देगेत जायला हवं होतं ते हवेत चाललंय. बारा वाजता पाकळीत फारसं उरलेलंच नसतं. तेल काढणारे लोक सूर्य उगवायच्या आत बागेत उतरतात त्याचं कारण हेच.

हे मी एकदा घरच्या घरी करून बघितलं होतं, तुम्हीही करा, जीसी लागत नाही. जॅमच्या झाकणवाल्या पाच स्वच्छ बरण्या घ्या, गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा, कुठलाही लोणच्यामसाल्याचा वास नको. एकाच झाडावरून, एकाच सकाळी सहा वाजता, रंग दिसलेली कळी, अर्धी उमललेली, पूर्ण उमललेली आणि कालची शिळी अशी फुलं घ्या, प्रत्येकाच्या दहा पाकळ्या एकेका बरणीत, झाकण घट्ट. पाचव्या बरणीत त्याच झाडावरचं दुपारी एकचं पूर्ण उमललेलं फूल. प्रत्येक बरणी पाकळ्या भरल्यावर वीस मिनिटं कोमट जागी ठेवायची आणि मग झाकण थोडंसं उघडून हुंगायची. आधी हातावरची पावडर, साबण, कॉफी काही नको. माझ्याकडे दुसऱ्या आणि तिसऱ्या बरणीत जोरदार गुलाब होता, दुसरीत जास्त हिरवा आणि तरतरीत, तिसरीत जास्त गोल आणि मधाळ. पहिलीत ओल्या पानाचा वास. चौथीत गोडसर पण दबलेला, किंचित वाळल्या गवतासारखा. पाचवी बरणी बायकोने हुंगली आणि विचारलं की ही रिकामी आहे का.

दुसऱ्या दिवसाचं फूल ओळखायचं कसं, तर फुलाच्या मधोमध बघा. ताज्या फुलातले पुंकेसर पिवळे धमक असतात. ते पिवळे असतील तर फूल आजचं. तपकिरी, कोरडे पडले असतील तर कालचं. पाकळी कितीही टवटवीत दिसली तरी मी पुंकेसरावर विश्वास ठेवतो, नव्या मजुराला पहिल्या दिवशी हेच दाखवतो. आणखी एक खूण म्हणजे रंग. गुलाबाचा गुलाबी लाल रंग सायनिन नावाच्या रंगद्रव्याचा, जो पेशीतल्या आंबटपणावर अवलंबून असतो. फूल म्हातारं होताना पेशीतला आंबटपणा कमी होतो आणि लाल गुलाब जांभळट, निळसर पडायला लागतो. घरी बघायचं असेल तर मूठभर पाकळ्या कोमट पाण्यात भिजवा, पाणी फिकट होईल, त्यात लिंबाचे चार थेंब टाका, क्षणात झगझगीत गुलाबी होतं. दुसऱ्या वाटीत चिमूटभर खाण्याचा सोडा टाका, हिरवट निळं होईल. गुलाबाच्या सरबतात लिंबू किंवा सायट्रिक अ‍ॅसिड घालतात ते नुसतं चवीसाठी नाही, रंगासाठीही.

खुडल्यानंतरचा भाग लोक विसरतात आणि तिथे सगळ्यात जास्त नुकसान होतं. खुडलेलं फूल जिवंत असतं, श्वास घेतं, उष्णता सोडतं. पोत्यात दाबून भरलं की तासाभरात आतून गरम लागतं, हात घालून बघा. पाकळीवर नैसर्गिक यीस्ट असतातच, त्यांना साखर, ओलावा आणि ऊब मिळाली की ते कामाला लागतात. यीस्ट जिरॅनिऑलचं सिट्रोनेलॉल करतं, म्हणजे फुलात जे हळूहळू होत होतं ते पोत्यात बेबंदपणे होतं, वासातली तरतरी जाते आणि आंबूस, उबट वास चढतो. एका वर्षी आमची अठ्ठावीस किलो फुलं टेम्पोच्या टायरमुळे पाच तास रस्त्यात अडकली. पोतं उघडलं तेव्हा वरची फुलं छान होती, मधली तपकिरी आणि कोमट, वास ताडीसारखा. तरी जीव होईना टाकून द्यायला म्हणून देग लावली. निघालेलं गुलाबपाणी मिठाईवाल्यालाही देता आलं नाही. तेव्हापासून पोतं बंद, वेताच्या उथळ टोपल्या, चार बोटांपेक्षा जास्त थर नाही, आणि खुडल्यापासून दोन तासांत देगेखाली जाळ.

आतापर्यंतचं एका दमात: कळीत तयारी असते, वास नसतो. उमलताना वास बनतो आणि मोकळा होतो. पहाटे तो पाकळीत सगळ्यात जास्त असतो, उन्हात उडतो, दुसऱ्या दिवशी बदलतो, पोत्यात नासतो. आता तुमच्या दोन कामांकडे.

गुलाबपाण्यासाठी अर्धं ते नुकतंच पूर्ण उमललेलं, पिवळ्या पुंकेसराचं फूल, उजाडल्यापासून उन्हाळ्यात साडेसातपर्यंत आणि थंडीत नऊपर्यंत. दव असलं तरी चालतं, नाहीतरी पाण्यातच जायचंय. मागच्या हिरव्या आवरणासकट टाकलं तरी चालतं, तेलवाले सगळीकडे तसंच टाकतात. एक किलो फुलं म्हणजे साधारण चारशे, चाळीस झाडांवरून बहरात ती रोज मिळतीलच असं नाही, त्यामुळे देग मोठी आहे म्हणून दोन दिवसांची फुलं साठवू नका, छोटं भांडं लावा. एक किलो फुलांमागे एक ते सव्वा लिटर गुलाबपाणी काढून थांबा, पुढे निघतं ते पाण्यासारखंच. जाळ मंद. तेलाची अपेक्षा धरू नका, एक किलो गुलाबतेलाला साधारण साडेतीन ते चार हजार किलो फुलं लागतात, तुमच्या किलोभर फुलांतलं जे थोडं आहे ते पाण्यातच विरघळलेलं राहील आणि पाण्यासाठी ते चांगलंच आहे.

तुम्ही पुढे हेही विचारलं होतं की विकतच्या चांगल्या गुलाबपाण्याचा वास झाडावरच्या फुलासारखा का नसतो, भेसळ आहे का. भेसळ असू शकते, पण शुद्ध पाण्याचा वासही झाडावरच्या फुलासारखा नसतो. फिनाइल इथाइल अल्कोहोल पाण्यात चांगलं विरघळतं, १०० मिलीला सुमारे २ ग्रॅम. त्यामुळे देगेतून निघाल्यावर ते पाण्याकडे राहतं आणि तेलात जेमतेम दोनतीन टक्के येतं, उलट पाकळ्यांतून सॉल्व्हंटने, म्हणजे वास विरघळवून घेणाऱ्या द्रवाने, अर्क काढला तर त्यात निम्म्याहून जास्त तेच असतं. एकाच फुलाचे दोन भाग, तेल आणि पाणी, वेगवेगळे वास घेऊन बाहेर पडतात. शिवाय उष्णतेने नवीन गोष्टी तयार होतात. डॅमॅस्केनोन नावाचा घटक आहे, पाकळीतल्या कॅरोटिनच्या घराण्यातल्या रंगद्रव्यांच्या तुटण्यातून त्याची पूर्वतयारी होते आणि देगेतल्या उष्णतेत, आंबटपणात तो मोकळा होतो. तेलात तो एक टक्कासुद्धा नसतो, पण नाकाला इतका जोरात लागतो की गुलाबतेलाची ती सुक्या फळासारखी, मनुकांसारखी खोली बरीचशी त्याचीच. जिवंत फुलात तो वास एवढा पुढे येत नाही. म्हणून ताज्या काढलेल्या पाण्याला पहिले काही दिवस शिजल्यासारखा वास येतो, घाबरू नका, काचेच्या बाटलीत, अंधारात, दोनतीन आठवडे राहू द्या, तो मागे जातो आणि गुलाब पुढे येतो. भांडी उकळत्या पाण्यातून काढलेली हवीत, नाहीतर पाण्यावर जाळं धरतं.

गुलकंदाचं गणित वेगळं आहे. इथे वासाइतकीच चव, रंग आणि पाकळीचा पोत महत्त्वाचा. पूर्ण उमललेलं फूल घ्या, कारण कळीची पाकळी तुरट असते आणि बरणीतही तुरटच राहते, उमललेल्या पाकळीत साखर जास्त असते आणि ती मऊ मुरते. पण दव सुकल्यावर खुडा, म्हणजे गुलाबपाण्याच्या फुलांनंतर तासाभराने. थोडा वास जाईल, जाऊ द्या, ओली पाकळी बरणीत गेली तर गुलकंद फसफसतो आणि सगळंच जातं. पाकळीच्या बुडाचा पांढरट भाग कडवट असतो, वेळ असेल तर तो चिमटून काढा, फरक पडतो. पाकळ्या साखरेबरोबर हाताने चांगल्या चुरून मग बरणीत भरा, नुसते थर लावण्यापेक्षा माझ्या अनुभवात वास जास्त सुटतो. कारण मघाशी सांगितलं ते कुलूप, पेशी फुटल्या की साखर बांधलेले रेणू आणि ते तोडणारं एन्झाइम एकमेकांना भेटतात. बरणीला ऊन हवंच असं परंपरा म्हणते, मी अलीकडे पहिले आठ दिवस सावलीत ठेवतो आणि मग सकाळचं कोवळं ऊन देतो, दुपारच्या उन्हाने रंग लवकर काळपट होतो. हे मात्र माझं मत, गुलकंद करणारी दुसरी दहा माणसं दहा गोष्टी सांगतील आणि त्यांचाही गुलकंद चांगला असेल.

आजींच्या कळ्यांनाही जागा आहे. वाळवून चहात किंवा मसाल्यात घालायला रंग दिसलेली, नुकती सैल झालेली कळीच चांगली, ती वाळल्यावर आकार धरून ठेवते, उमललेलं फूल वाळताना गळून पडतं. वास कमी असेल पण दिसतं सुंदर. सावलीत, वाऱ्यावर, जाळीवर वाळवा. आणि देवाच्या तबकात ठेवायला सकाळी खुडलेली सैल कळी संध्याकाळपर्यंत टिकते, त्यामुळे आजींना रोज चार कळ्या खुडू द्या, झाडालाही छाटणी होते.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नावरून कळली नाही ती म्हणजे तुमची झाडं नेमकी कुठली. एक फूल मागच्या बाजूने, हिरवं आवरण आणि देठावरचे काटे स्पष्ट दिसतील असं, आणि एक पान पूर्ण, असे दोन फोटो टाका. वर्षभर फुलं येतात की फक्त फेब्रुवारी, मार्चमध्ये, तेही लिहा. आणि बरण्यांचा प्रयोग केलात तर कुठल्या बरणीत काय वाटलं ते, आजींनाही हुंगायला देऊन, त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहा. वाळल्या गवतासारखा, मधासारखा, असं काहीही चालेल. त्यावरून तुमच्या झाडाला सकाळचा नेमका कुठला तास मानवतो ते बरंच सांगता येईल.